पहिल्या फेरीचा कौल

मी आयुष्यात खरं फार कमी बोललो. हे वाक्यसुद्धा थोडं वाढवूनच लिहिलंय, पण ते चालायचंच. रत्नागिरीतल्या एका जुन्या क्लबात मी एकतीस वर्षं मार्कर होतो. मार्कर म्हणजे स्नूकरच्या टेबलाशी उभा राहून गुण मोजणारा, चेंडू पुसणारा आणि हरलेल्या साहेबाला "आज टेबलच तिरकं चालत होतं, साहेब" असं सांगून शांतपणे घरी पाठवणारा माणूस. या शेवटच्या कामाने माझी जीभ कायमची सैल झाली.

ते टेबल होडीतून आलं तेव्हा इतकं जड होतं, की धक्क्यावर उतरवल्यावर त्या दिवशीची भरती वीतभर कमी भरली. पावसाळ्यात त्याच्या हिरव्या कापडाला अशी ओल धरायची, की पांढरा चेंडू मागे गोगलगाईसारखी रेघ सोडत जायचा. मी रोज सकाळी कापडावर इस्त्री फिरवायचो आणि त्या वाफेत मेंबरांचे चष्मे आंधळे व्हायचे. एकदा मधल्या पॉकेटात खेकडा निघाला, निळा चेंडू नांगीत धरून बसलेला. मी त्याला फाऊल दिला, पाच गुण कापले. यातलं इस्त्रीचं तेवढं खरं आहे.

पण तोंडाने मी कितीही फेकली, तरी बोर्डावर कधी फेकली नाही. बोर्ड म्हणजे भिंतीवरची सागवानी फळी. तिच्यावर खेळाडूंच्या दोन ओळी, आकडे कोरलेले आणि त्यांवरून सरकणारे पितळी काटे. कलेक्टर खेळो की कारकून, काटा जिथे हवा तिथेच थांबायचा. एका साहेबाने एकदा डोळा मारून दोन गुण मागितले होते. मी म्हटलं, "साहेब, माझी जीभ मागा, देतो. काटा मागू नका."

क्लब बंद पडला. टेबल हातखंब्याच्या एका हॉटेलवाल्याने नेलं. त्यावर तो आता म्हणे लग्नाच्या पंगतीची पातेली मांडतो. बोर्ड कुणालाच नको होता. तो बोसनने मागून घेतला आणि आपल्या पडवीत ठोकला.

बोसन म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. आमचा बोसन छत्तीस वर्षं मालवाहू बोटींवर होता आणि बंदराबंदरांतल्या खलाशांच्या क्लबांत स्नूकर शिकला होता. त्याचा मुलगाही बोटीवर. त्याने बापाला भिंतभर टीव्ही आणून दिला आणि इंटरनेटवरून जगातला कुठलाही सामना त्यावर कसा लावायचा ते शिकवलं. तिसरे मास्तर. त्यांनी शाळेत भूमिती शिकवली, आणि आयुष्यात कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. क्रिकेटने भरलेल्या या गावात स्नूकर बघणारी एवढी तीनच डोकी. आम्ही एकदम मेलो असतो, तर जिल्ह्यातला एक खेळ संपला असता.

त्यातही आमचा जीव पहिल्या फेऱ्यांवर. फायनल कुणीही बघतो. पहिल्या फेरीत चार-पाच टेबलांवर एकदम खेळ चाललेला असतो, कोपऱ्यातल्या टेबलावर एकच कॅमेरा, बोलायला समालोचकसुद्धा नाही, प्रेक्षकांत एक बाई स्वेटर विणत बसलेली. तिथे एके काळचा मोठा माणूस आणि कालचं मिसरूड न फुटलेलं पोर एकमेकांशी झुंजतात. बोसन म्हणायचा, "फायनलला सगळे देव होतात रे. माणसं बघायची तर पहिली फेरी."

त्याचा एक लाडका होता. थंड मुलखातला खेळाडू, पन्नाशीकडे झुकलेला. कधीकाळी मोठे करंडक घेतलेला आणि आता पात्रता फेऱ्यांच्या पायऱ्या चढून यावं लागणारा. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. आम्ही तिघेही त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होतो, ती गोष्ट वेगळी.

बोसनची साखर जुनी. तिने आधी डोळे खाल्ले. टीव्हीवर त्याला एक हिरवा डाग दिसायचा आणि त्यावर हलणारे ठिपके. म्हणून मी सामना सांगायचो आणि बोर्डावर काटे सरकवायचो. प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक डाव, संपली की तो उठून बोर्डाशी जायचा आणि काट्यावरून अंगठा फिरवायचा.

"मी सांगतो त्यावर भरवसा नाही का?" मी विचारायचो.

"तुझ्या तोंडावर? मेल्या, तुझ्या तोंडावर तुझ्या आईनेही ठेवला नसेल. काट्यावर हाय."

मागच्या वर्षी गणपती गेले आणि बोसनच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. आठवड्यात अंगठा काळा पडला, मग बोटं, मग चवडा. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि लवकर. आज म्हणालात तर उद्या.

"नाय," बोसन म्हणाला.

मुलाचा फोन आफ्रिकेजवळच्या कुठल्याशा बंदरातून आला. त्यालाही तेच. "डेकवर छत्तीस वर्षं दोन पायांवर उभा होतो. एका पायावर मरणार नाय."

मास्तरांनी आपल्या परीने प्रयत्न केला. "बोसन, नियम आठव. फटका मारताना खेळाडूचा एक पाय जमिनीला लागलेला हवा. एक. दोन कुठेही सांगितलेले नाहीत."

बोसन खोकला येईपर्यंत हसला. "मग तुमचा एक काढून द्या की, मास्तर. तुमाला तरी कुठे दोन लागतात?"

वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला मागीलदारी गाठलं. पदर तोंडाशी धरलेला. "भावोजी, तुमी सांगा हो. तुमचं ऐकतात ते."

"वहिनी, माझं सगळेच ऐकतात. खरं कोण मानतो?"

त्यांनीच मग कौलाची गोष्ट काढली. बोसनच्या गावच्या देवळात अजून कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्याने कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातली लग्नं, विहिरी, बोटीवर जाणं, सगळं त्या कळ्यांनी ठरवलेलं. पण प्रश्न ज्याचा, त्याने समोर उभं राहायला हवं असं गुरवाचं म्हणणं, आणि देऊळ टेकडीवर, पायऱ्या दीडशे. त्या पायाने कोण चढणार?

बोसन दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर चेहरा उजळलेला.

"मास्तर, आपल्या टेबलाच्या कापडाखाली काय असतं?"

"स्लेट. पाटीचा दगड. पाच लाद्या."

"काळा पाषाण ना? आणि आमचा देव कसला? काळा पाषाण. झालं तर. तिकडे कळी पडते, इकडे चेंडू पडतो."

आता शहाण्या माणसांनी इथेच त्याला थांबवायचं होतं. मला मात्र ती कल्पना इतकी आवडली, की ती मला आधी सुचली नाही म्हणून मी जळलो. मास्तरही गालात हसले. चीनमधल्या एका स्पर्धेची यादी लागलीच होती. म्हाताऱ्याचा पहिल्या फेरीचा सामना चीनच्याच एका एकोणीस वर्षांच्या पोराशी. दिवस कधीचा? आठ दिवसांनंतरचा.

बोसनने पडवीत टीव्हीसमोर नारळ ठेवला आणि गावच्या देवळात घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"हा म्हातारा एवढी वर्षं खेळाची काठी धरून उभा हाय. तो जर का पहिली फेरी पार झाला, तर उजवा कौल समजून हा डावा पाय मी डॉक्टरच्या हवाली करीन, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हरला, तर दोन्ही पायांनी तुझ्याकडे येईन. मग मला कुणी अडवायचं नाय, म्हाराजा!"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण गाऱ्हाण्याची लय अशी असते की तोंड आपोआप उघडतं. "व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो, आणि स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभ्या वहिनींचा आवाज आमच्याहून मोठा होता.

ते आठ दिवस. आता लिहिताना लाज वाटते, पण इतके सुखाचे आठ दिवस आम्हा तिघांना कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. सकाळी जेवल्यासारखं करून मी आणि मास्तर बोसनकडे पळायचो. चीनमध्ये दुपार म्हणजे आपल्याकडे ऐन सकाळ संपायची वेळ, त्यामुळे सामने दिवसाढवळ्या. उरलेल्या पात्रता फेऱ्यांचा एकेक सामना आम्ही पोस्टमॉर्टेम केल्यासारखा फाडायचो.

"सातपैकी चार फ्रेमा," मास्तर खडू नसलेला हात हलवत म्हणायचे. "ही काय परीक्षा आहे? ही चाचणी. चाचणीत ढ पोरगाही पहिला येतो."

"म्हणूनच तर देवाला वाव," बोसन.

"त्या चिनी पोराचा कोपर बघितलास? लंबक आहे लंबक. सुटला की थेट."

"लंबकाला भीती कुठे असते, मास्तर? भीती नसेल तर शेवटचा काळा कसा मारणार? माझा म्हातारा घाबरतो. बरोब्बर घाबरतो. जिथे घाबरायला पाहिजे तिथेच."

"म्हातारा गेल्या सहा सामन्यांत पाच हरलाय."

"तुमी ना, मास्तर, चितेवरसुद्धा लाकडं मोजाल!"

मी मधून मधून तेल ओतायचो. म्हाताऱ्याला मी एकदा प्रत्यक्ष पाहिलंय असं मी त्या आठवड्यात तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा वेगळ्या शहरात. वहिनी चहा आणायच्या, मग पुन्हा चहा, मग काहीतरी तळलेलं. त्यांनाही रंगांचे गुण पाठ झाले. "काळ्याला सात ना हो भावोजी?" असं विचारून त्या लहान मुलीसारख्या हसायच्या. बरेच दिवसांनी घर भरल्यासारखं झालं होतं त्यांना.

आणि पडवीत वास येत होता. दुसऱ्या दिवसापासून येत होता. वहिनी सकाळ-दुपार ऊद जाळायच्या. उदाच्या खाली तो असायचाच. बोसनचा पाय चादरीखाली. मी एवढा बोलणारा माणूस, त्या वासाबद्दल आठ दिवसांत एक शब्द काढला नाही. मास्तर खिडकीजवळची खुर्ची घ्यायला लागले, एवढंच.

सामन्याच्या दिवशी बोसनने धुतलेला सदरा घातला. बोर्डावर वरची ओळ म्हाताऱ्याची, खालची पोराची. दोन्ही काटे शून्यावर. सामना कोपऱ्यातल्या टेबलावर, त्यामुळे समालोचक नाही.

पोराने पहिल्या दोन फ्रेमा अशा घेतल्या, की म्हाताऱ्याला खुर्चीवरून उठायला लागलं ते फक्त हात मिळवायला. मी सांगताना आवाज शक्य तेवढा खाली ठेवला. मग म्हातारा जागा झाला. दोन-दोन. मग तीन-दोन. बोसन उठून बोर्डाशी गेला, अंगठा फिरवला, आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. परत बसला नाही. त्या पायावर. मग पोराने बरोबरी केली. तीन-तीन.

शेवटची फ्रेम तासभर चालली. मी चार तास म्हटलं असतं, तरी त्या दिवशी ते कुणी खोटं म्हटलं नसतं. एकेक रंग गेला आणि टेबलावर उरला फक्त काळा. सात गुणांचा. जो घालील तो जिंकणार.

"कुठाय?" बोसनने विचारलं.

"वरच्या डाव्या कोपऱ्याच्या तोंडाशी. हातभर लांब. पांढरा मधोमध." "म्हाताऱ्याची पाळी. सोपा आहे, बोसन. मी घातला असता."

दारात वहिनी. खुर्चीत मास्तर, पुढे वाकलेले. म्हातारा वाकला. काठी दोनदा मागेपुढे झाली.

काळा पडला. आणि त्याच्या मागोमाग, जणू त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं अशा सावकाशीने, पांढरा समोरच्या पॉकेटाकडे गेला, कडेवर क्षणभर थांबला, आणि पडला. फाऊल. पोराला सात. सामना पोराचा. म्हाताऱ्याने डोळे मिटले. पोराने हात पुढे केला.

मी मास्तरांकडे बघितलं. आयुष्यात अर्धा मार्क न वाढवलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

"काय झालं?" बोसन.

"गेला काळा!" मी ओरडलो. "गेला रे, बोसन! जिंकला म्हातारा!"

एवढं सोपं होतं. जीभ आहेच तशी. पण बोसनने हात पुढे केला आणि बोर्डाकडे वळला, आणि मला कळलं की खरं काम पुढे आहे. मी त्याच्या आधी दोन पावलं टाकली आणि वरच्या ओळीतला काटा तीनवरून चारवर सरकवला. एकतीस वर्षांत तो काटा मला कधी जड लागला नव्हता. बोसनचा अंगठा त्यावरून गेला. चार. खालच्या ओळीवर गेला. तीन. मग पुन्हा वर.

"बरं," तो म्हणाला. "उजवा दिला." आणि खाली बसला, आणि वहिनी रडायला लागल्या. आनंदाने. आत देवाच्या फळीसमोर दिवा लावायला धावल्या. मास्तरांनी उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी पाय कापला. डॉक्टर बाहेर येऊन मला आणि मास्तरांना म्हणाले की विष वर चढलंय, आठवड्याभरापूर्वी आणायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "कशासाठी थांबलात?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "आमची चूक झाली."

कापलेला पाय आमच्याकडेच सोपवला, रीतसर कागद करून, कापडात बांधून. बोसनने शुद्धीवर येताच निरोप दिला: कातळात पुरू नका, आयुष्यभर लोखंडावर उभा होता, मऊ जागा बघा, आणि बोटीवरचा जुना बूट घाला त्याच्यात. आमच्याकडे मऊ जागा म्हणजे देवालाच शोधायला सांगावी लागते. त्याच्या घरामागे फणसाखाली आम्ही दोघांनी पहार मारली. कमरेएवढं खणलं म्हणेन, पण गुडघ्याएवढंच झालं. खाली जांभा लागला. मास्तरांना दम लागला. बूट पायात जाईना, म्हणून शेजारी ठेवला. असं काही करताना काय म्हणायचं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि आम्ही माती लोटली.

मी रोज इस्पितळात जायचो. ताप उतरत नव्हता. पाचव्या दिवशी बोसन म्हणाला, "मार्कर, दोन आवाज आले रे त्या दिवशी."

"कसले?"

"काळा पडला त्याचा एक. मग थोड्या वेळाने दुसरा."

मी डोळ्याचं पातं न लवता म्हटलं, "दुसरा होय? म्हाताऱ्याने खुशीत काठी आपटली जमिनीवर. रेफ्री केवढा रागावला त्याच्यावर!"

मग त्याच्या मिशा हलल्या. "शिंच्या," तो म्हणाला. "चांगली सांगतोस." दुसऱ्या फेरीत काय झालं ते त्याने विचारलं नाही. अकराव्या दिवशी तो गेला.

तेराव्याला गर्दी पांगल्यावर वहिनींनी मला हाक मारली. "भावोजी, तो बोर्ड घेऊन जा. माझ्याने बघवत नाय." मी पडवीत गेलो. काटे तसेच. चार, तीन. त्यांवर धूळ नव्हती. कुणीतरी पुसत होतं.

वहिनी दारात उभ्या. "एक विचारू? देवाने उजवा कौल दिला ना? तुमी सगळे होतात. मी ऐकलं. मग असं कसं केलंन त्याने? दिला शब्द फिरवतात काय देव?" मग हळूच, "मी बंद केलंय दिवा लावणं."

माझ्या पाठीमागे घरात देवाची फळी होती. समईत वात कोरडी.

मी आयुष्यभर माणसांना बरं वाटावं म्हणून खोटं बोललो. त्या क्षणी माझ्याजवळ एक उत्तम गोष्ट तयार होती: पुढच्या जन्माची, पुण्याची, काहीतरी. मी ती गिळली. हात वर केला आणि वरचा काटा चारवरून तीनवर आणला. खालचा तीनवरून चारवर.

"वहिनी, म्हातारा हरला होता. काळा पडला, पण पांढराही पडला. कौल डावा होता. मी उलट सांगितलं."

वहिनींनी दोन्ही काटे बघितले.

"ह्यांना ठाऊक होतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. हेच एक उत्तर माझ्याजवळ खरं होतं.

"म्हणजे देव खोटा नाय बोलला."

"नाही. मी बोललो."

मला वाटलं आता त्या मला शिव्या घालतील, आणि मला त्या हव्याही होत्या. मी पुढचं सांगायला तोंड उघडलं: की खोट्याने तो मेला नाही, त्या आठ दिवसांच्या थांबण्याने मेला, डॉक्टरांनी सांगितलंय. पण त्या माझ्या आधी बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"आठ दिवस मी चहा करून घालत होते तुमाला," त्या म्हणाल्या. "दिवसातून चारदा. मी काळ्याचे सात शिकले."

मग आत गेल्या. तेलाची बुधली हलल्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा. समई लागली. त्या बाहेर आल्या नाहीत आणि मला बस म्हणाल्या नाहीत. मी बोर्ड खिळ्यावरून काढला, काखेत धरला आणि पायऱ्या उतरलो. फळी तिरकी झाली तसे दोन्ही काटे आपोआप सरकत शून्यावर गेले.